बारा लक्षांचा समेट

वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर उतरलात की मान आपोआप वर जाते. समोर आभाळ अडवून उभा आहे तो तोरणा. तालुक्याचं नाव सरकारने आता राजगड केलंय, लोकांच्या तोंडून मात्र अजून वेल्हेच निघतं. आज गड चढायचा नाही. तोरण्याकडे पाठ करा आणि कानंदीच्या कडेने खाली चालू लागा. पहिल्या वळणावर चहाची टपरी मागे पडेल, पुढच्या वळणावर विजेचे खांब. दापोड्याच्या अलीकडे डांबर संपेल आणि पायात बुटांऐवजी करकरणाऱ्या वहाणा असतील. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, कमरेच्या शेल्यात मेणकापडात गुंडाळलेला लखोटा. शके १६९७, फाल्गुन शुद्ध पक्ष. टोपीकरांच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १७७६, म्हणजे चार वर्षांतून एकदा उगवणारा दिवस.

तुम्ही जासूद आहात. तोरणा आणि राजगड हे दोन्ही गड भोरच्या पंत सचिवांकडचे, त्यामुळे तुमची भाकरीही त्यांचीच. लखोट्यात काय आहे ते तुम्हाला वाचता येत नाही आणि विचारायची रीत नाही. पण काल दिवसभर गडावर दारूगोळ्याची मोजदाद चालली होती, तेव्हा तर्क करायला ज्योतिषी नको. जायचंय पुरंदरला. तिथे कलकत्त्याहून आलेला इंग्रजांचा वकील दोन महिने ठाण मांडून बसला आहे. बोलणी फिसकटली असं महिनाभरापूर्वी सगळ्या मावळात झालं होतं. आता म्हणे पुन्हा जुळत आहेत.

तुमच्या सोबतीला मार्गासनीचा एक म्हातारा नाईक आहे. जासुदांत त्याचे पाय अजून सगळ्यांत चालते. विंझरच्या वर डोंगरउतारावर धूर दिसतो. तुम्ही दचकता. नाईक हसतो.

"राब भाजत्यात, लेका. पावसाआधी नाचणीच्या वाफ्याला राख नगं का?" चार पावलं जाऊन तो पुढे म्हणतो, "दाऊदखान आला तवा बी असाच धूर व्हता म्हंत्यात. त्यो राबाचा न्हवता."

दाऊदखान येऊन १११ वर्षं झालीत. त्याला पाहिलेलं कुणी जिवंत नाही, तरी या खोऱ्यात त्याचं नाव कालच्यासारखं घेतात. १६६५च्या मार्चअखेरीस मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला आणि किल्ला पडायला वेळ लागतोय म्हटल्यावर दाऊदखान कुरेशीला घोडदळ देऊन इकडे सोडलं. भोरच्या अंगाला रोहिड्याभोवतीची पन्नासेक गावं त्याने जाळली, मग राजगडाच्या पायथ्याची. गड घ्यायचा बेतच नव्हता. गडाचं पोट जाळायचं होतं. जूनमध्ये तह झाला. महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. राजगड आणि तोरणा त्या राखलेल्या बारांत होते, एवढंच काय ते या खोऱ्याचं नशीब. जयसिंगाच्या छावणीत मनुची नावाचा एक व्हेनिसकडचा माणूसही होता. आसपासच्या राजांनी मराठ्यांना मदत करू नये म्हणून मिर्झाराजांनी त्याला वकिलीवर धाडलं होतं. फिरंग्याने इथल्या भांडणात मध्ये पडण्याची सवय कंपनीच्याही आधीची आहे.

आता पुरंदरावर दुसरा तह होतोय. डोंगर तोच. नाईकाला त्याचं काही वाटत नाही. तो म्हणतो, सपाटीवर भांडत्यात आन् डोंगरावर येऊन समजूत घालत्यात, वर हवा बरी म्हणून.

आंबवण्यापासून पळस पेटलेला आहे. खाचरं वाळून भेगाळली आहेत, ओढ्याकाठच्या तुकड्यांत हरभरा काढणीला आलाय. होळी चार-पाच दिवसांवर आली म्हणून पोरं आत्तापासून लाकडं पळवताहेत. कोणत्याही बाजूची फौज यंदा इकडून गेलेली नाही, हे कळायला एवढं पुरे. फौज गेली असती तर पळवायला लाकडं उरली नसती. आपली असो की परकी, फौजेला चुली पेटवाव्याच लागतात.

नसरापूरला पोचेपर्यंत दिवस कलतो. मुक्काम बनेश्वरी. देऊळ तसं नवंच आहे, नानासाहेब पेशव्यांनी २७ वर्षांपूर्वी बांधलेलं. झाडी दाट, कुंडाचं पाणी गार. पाय धुऊन आत या आणि वर बघा. जी घंटा टांगली आहे तिला हात लावा. धातू आपल्याकडच्या घंटांपेक्षा जाड, कडा बाहेर वळलेली. अंगावर १६८३ हे साल आणि वर क्रूस. महादेवाच्या देवळात क्रूस बघून तुम्हाला बावचळायला होईल, पण इथल्या गुरवाला त्याचं काही नाही. घंटा वाजते चांगली. चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या अशा घंटा हत्तीउंटांवर लादून देशावर आल्या आणि जिथे तिथे देवळांत लागल्या. त्यातली ही एक.

उद्या पुरंदरावर ज्या मुलखासाठी वाद चालणार आहे तो या घंटेचाच मुलूख. वसई आणि साष्टी. मुंबई बेटावर बसलेल्या इंग्रजांच्या पोटात साष्टीचं कधीचं दुखत होतं. बेटाला भात लागतो, सरपण लागतं, आणि खाडीपलीकडचं ठाणं मराठ्यांच्या हाती असेल तर झोप लागत नाही. पोर्तुगीज होते तेव्हाही त्यांना ती हवी होती, मराठे आल्यावरही हवी होती. मागून मिळेना. मग १७७३च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि इंग्रजांना हवं ते दार घरातूनच उघडलं.

रात्री घोंगडीवर पडल्या पडल्या नाईक ती हकिगत सांगतो. सगळ्यांना ठाऊक असूनही पुन्हा ऐकाविशी वाटते अशी ती आहे. काका राघोबादादा पेशवे झाले. पण नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि बाकीच्या कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं. १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. बारभाई म्हणतात ते हे लोक. दादासाहेब गुजराथेत पळाले आणि त्यांनी इंग्रजांपुढे पदर पसरला. मुंबईकर पदर बघूनच बसले होते, किंबहुना करार व्हायच्या आधीच, १७७४च्या डिसेंबरअखेरीस, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला होता. मार्च १७७५मध्ये सुरतेला करार झाला. इंग्रजांनी अडीच हजारांची फौज द्यायची. दादासाहेबांनी तिच्या खर्चाला महिना दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचं जवाहीर तारण ठेवायचं आणि वर साष्टी-वसई तोडून द्यायची. हे दीड लाख ध्यानात ठेवा.

"आन् कलकत्तेकर?" तुम्ही विचारता.

"त्ये मुंबईकरांचं थोरलं भाऊ. त्येंनी म्हनं धाकल्याचा कान पिळला."

पिळला खरा. विलायतेच्या नव्या कायद्याने मुंबई-मद्रासवर कलकत्त्याची हुकमत आली होती आणि वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलाने मुंबईचं युद्ध बेकायदा आणि अन्यायाचं ठरवलं. आम्हाला न विचारता लढाई का केलीत, म्हणून त्यांनी मुंबईला झाडलं आणि समेट करायला कर्नल जॉन अप्टनला धाडून दिलं. जुलैत निघालेला अप्टन डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी पुरंदरला पोचला. भांडण लावणारा आणि मिटवणारा एकाच पेढीचे, फक्त गाद्या वेगळ्या.

पहाटे उठून कापूरहोळवरून पुढे. या गावच्या धाराऊने संभाजीराजांना दूध पाजलं म्हणून नाईक वाटेत उगाच हात जोडतो. तासाभराने पुरंदर आणि वज्रगडाची जोडी डोळ्यांत मावेनाशी होते. वाटेत नारायणपूरचं जुनं दगडी देऊळ लागतं आणि त्याच्या पुढे तांबड्या डगल्यांचा पहारा. वकिलाबरोबरचे पुरबी शिपाई आहेत. एकजण झाडाखाली दगडांची चूल करून रोट्या भाजतोय. तो तुम्हाला मीठ मागतो. तुम्ही गाठीतलं चिमूटभर देता. पाच महिने चाललो, तो म्हणतो, आणि टाच वर करून दाखवतो. भेगांत चुना भरल्यासारखी धूळ बसलेली. तो तुमचा शत्रू आहे की पाहुणा, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही. मीठ कागदात नीट बांधून ठेवतो, म्हणजे आणखी काही दिवस राहायची त्याची तयारी दिसते.

बिनी दरवाजातून वर या. माचीवर वर्दळ आहे. मराठ्यांचा पेशवा तिथे वाड्यात आहे आणि तो अजून दोन वर्षांचाही नाही. आतून एका मुलाचा रडण्याचा आवाज येतो, बायका त्याला काहीतरी दाखवून गप्प करतात, आणि पहारेकरी चेहरा दगडासारखा ठेवतो. या किल्ल्याचंही एक आहे. तो मुळात सचिवांकडचा. तुमच्याच धन्याच्या घराण्याने तो बाळाजी विश्वनाथांना दिला, उपकाराची फेड म्हणून. नसता दिला तर आज गंगाबाईला कुठे ठेवलं असतं कोण जाणे.

लखोटा देऊन पावती घ्यायला तुम्ही सदरेच्या बाहेर थांबता. कारकून तरुण आहे, बोलघेवडा आहे, आणि दोन महिने फारसीचे मसुदे उतरवून उतरवून त्याची बोटं काळी झाली आहेत. आत दीड शहाणे बसलेत, असं तो डोळा मिचकावून सांगतो. साडेतीन शहाण्यांतले सखारामबापू पूर्ण आणि नाना अर्धे, म्हणून दीड. अर्धा शहाणा अजून पस्तिशीचाही नाही.

भांडण कशावरून अडलं होतं ते त्याच्याकडूनच ऐका. अप्टनने येताक्षणी साष्टी आणि वसई दोन्ही मागितल्या. कारभाऱ्यांनी एकच सवाल धरला. मुंबईकरांनी केलेलं युद्ध अन्यायाचं, असं तुम्हीच म्हणता. मग त्या अन्यायात जे हाती लागलं ते ठेवून घ्यायचा आग्रह का? दिवसामागून दिवस, वेगवेगळ्या तोंडांनी, हाच सवाल. अप्टन प्रामाणिक माणूस असावा, कारण त्याने कलकत्त्याला लिहिलेल्या पत्रात हे नोंदवून ठेवलं आहे, की हे लोक मला हजार वेळा हेच विचारतात. उत्तर काय दिलं ते मात्र त्याने लिहिलं नाही. देण्यासारखं काही नव्हतंच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने बोलणी तुटल्याचं कळवलं आणि कलकत्त्यात लढाईची तयारी सुरू झाली.

आणि मग, म्हणजे आज, १ मार्चला, तह होतोय. कारण सवाल बरोबर असून भागत नाही. म्हैसूरचा हैदर कर्नाटकात मुलूख गिळतोय. याच फेब्रुवारीत रत्नागिरीत कैदेतला तोतया सुटलाय. पानिपतात पडलेला सदाशिवरावभाऊ तो मीच, असं म्हणत कोकणातले किल्ले घेत सुटलाय आणि लोक त्याच्यावर विश्वासही ठेवताहेत. सरदारांपैकी कोण उद्या कुणाकडे असेल याचा भरवसा नाही. अशा वेळी आणखी एका इंग्रजी फौजेला तोंड देण्यापेक्षा कागदावर हात मोकळा करणं दीड शहाण्यांना परवडलं.

कलमं कारकून बोटांवर मोजतो. सुरतेचा करार रद्द. दादासाहेबांनी फौज मोडून कोपरगावी जाऊन राहायचं, सरकारातून महिना २५ हजार घ्यायचे. वसई वाचली. साष्टी मात्र कंपनीकडे, किंवा तिच्या बदल्यात तीन लाखांचा दुसरा मुलूख, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या मर्जीला येईल तसं. भडोचचा मराठ्यांचा हिस्साही कंपनीला. "आणि बारा लक्ष," कारकून शेवटी म्हणतो.

"कसले?"

"खर्चाचे."

तुम्ही बारा लाख रुपये कधी मनातही आणलेले नाहीत. कुणाच्या खर्चाचे, हे तुम्ही विचारता तेव्हा तो इकडे तिकडे बघून सांगतो. मुंबईकरांच्या. त्यांनी आपल्यावर जी चाल केली, आडासला आपल्या हरिपंत फडक्यांशी जी लढाई केली, तिचा जो खर्च आला, तो.

इथे थोडं थांबा. लखोट्याची पावती कारकुनाला देऊ दे सावकाश. त्या सदरेवर जे चाललंय ते नीट बघाल तर पुढची चाळीस वर्षं आत्ताच दिसतात. युद्ध चुकीचं होतं हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. ज्याने ते लादलं त्याच्याच थोरल्या भावाने समेटाला माणूस पाठवला आहे. आणि समेटाचं बिल ज्याच्या दारावर लढाई आली त्याच्या नावावर फाटतंय. अप्टन लबाड नव्हता, मुंबईकरांनी पुढे त्याची निंदाच केली, फार सोडून दिलं म्हणून. पण माणूस सरळ असला तरी तो कुणाच्या पगारावर आहे, हे बघायला आपले लोक तोवर शिकले नव्हते. मध्यस्थी हे त्यांच्या दृष्टीने थोरामोठ्यांचं पुण्यकर्म होतं. गावकीत, वतनाच्या तंट्यात, गोतसभेत असा मध्यस्थ बसतो आणि निवाडा झाल्यावर पानसुपारी घेऊन उठतो. कंपनीच्या मध्यस्थाला उठायचंच नव्हतं.

पावती मिळाली. उतरा.

घरी जाऊ नका मात्र. शाई वाळायच्या आत मुंबईने तह मोडला, त्याची हकिगत लांबवण्यासारखी नाही. दादासाहेब कोपरगावी गेलेच नाहीत, मुंबईकरांनी त्यांना ठेवून घेतलं. नानांनी सँ लुबँ नावाच्या फ्रेंच माणसाला पुण्यात मान देऊन इंग्रजांना चिडवलं. नानांना वाटत होतं एका टोपीवाल्याला दुसऱ्या टोपीवाल्याचा धाक दाखवावा. धाक वाटलाच, आणि त्याच धाकाचं निमित्त करून मुंबईने १७७८च्या अखेरीस दादासाहेबांना पुढे घालून पुण्याकडे फौज काढली.

तेव्हा जानेवारी १७७९ला मावळात या, तळेगाव-वडगावच्या माळावर. जासुदाला मुलूख वर्ज्य नाही. थंडी मरणाची आहे आणि हवेत जळक्या कडब्याचा वास. हा धूर दाऊदखानाचा नाही आणि राबाचाही नाही, तो आपल्याच लोकांनी केलेला आहे. तळेगाव आपण जाळलं. वेळ पडली तर पुणंही जाळायची तयारी आहे. इंग्रजांना चिमूटभर दाणा-वैरण मिळू नये म्हणून. गंजी पेटताना बघणाऱ्या कुणब्याला यातलं धोरण समजावून सांगायला कुणी थांबत नाही, आणि बखरींत विजयाच्या पानावर त्या गंजीचा हिशेब नसतो.

इंग्रजांची फौज चार हजारांच्या आतबाहेर, पण मागे बैल १९ हजार. घाट चढून दिवसाला जेमतेम मैलभर सरकतात. बैलांना वैरण लागते, वैरण जळाली आहे. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. हा इतक्या धिटाईने लढायचा की मराठ्यांनीच त्याला इष्टुर फाकडा नाव दिलं. वडगावात त्याचं थडगं आहे, आणि शत्रूच्या थडग्यापुढे हात जोडणारे लोक तुम्हाला आजही तिथे भेटतील. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि मागे फिरले. सकाळी वडगावात महादजी शिंद्यांच्या घोड्यांनी त्यांना चारी बाजूंनी धरलं.

फार्मर नावाचा त्यांचा माणूस बोलणीला आला. त्याचं म्हणणं असं, की आम्हाला तह करायचा अधिकारच नाही, तो कलकत्त्याला आहे. महादजी म्हणाले, मग पुरंदरचा तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तीन वर्षांपूर्वी सदरेवर विचारलेल्या सवालाचं हे दुसरं तोंड, फक्त या वेळी विचारणाऱ्याच्या हातात लगाम होता. १६ जानेवारीला इंग्रजांनी सही केली. साष्टीसुद्धा सगळं परत, बंगालहून निघालेली फौज माघारी, दादासाहेब शिंद्यांच्या स्वाधीन, फार्मर आणि दुसरा एक स्टुअर्ट ओलीस.

पण आपलं पानही कोरं नाही. त्याच बैठकीत भडोचचा हिस्सा महादजींना द्यायचं ठरलं, आणि त्यांच्या माणसांना ४१ हजार रुपये बक्षीस. पाटीलबुवांनी, म्हणजे महादजींनी, मध्ये पडण्याचा मेहनताना घेतला. तो घेताना पुण्याच्या दरबाराचं पितळ थोडं उघडं पडलं, एवढंच.

कलकत्त्याने वडगावचा करार मानला नाही, अधिकार नसलेल्यांची सही म्हणून. लढाई गुजराथेपासून ग्वाल्हेरपर्यंत आणखी तीन वर्षं चालली. १७ मे १७८२ला सालबाईला इंग्रजांचा अँडरसन आणि महादजी बसले. वसई परत आली. साष्टी कंपनीकडेच राहिली. दादासाहेबांना पुन्हा तेच महिना २५ हजार, ज्यांसाठी सात वर्षं आणि न जाणो किती माणसं खर्ची पडली. दोन वर्षांच्या आतच ते गेले. भडोच महादजींकडे. आणि महादजी दोन्ही बाजूंचे जामीन. नानांनी हैदरच्या मरणाची बातमी पक्की होईपर्यंत शिक्का मारला नाही, पण मारल्यावर हा तह टिकला, वीस वर्षं. जामिनाला दोन्हीकडच्या भांडणात रस नव्हता असं नाही, चांगलाच होता. पण ज्याने मोडला त्याच्यावर घोडी घालायची ताकद त्याच्याकडे होती आणि त्याचं स्वतःचं घर याच मुलखात होतं. तो जहाजात बसून निघून जाणार नव्हता.

१७९४ला महादजी गेले, १८००ला नाना. मग १८०२च्या दिवाळीत पेशवे बाजीराव रावसाहेब, त्याच दादासाहेबांचे चिरंजीव, होळकरांकडून हडपसरला मार खाऊन सिंहगडमार्गे कोकणात उतरले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला, बनेश्वरच्या घंटेच्या गावी, त्यांनी इंग्रजांच्या कागदावर सही केली. पुण्यात बंदोबस्ताला सहा हजार पायदळ, कायमचं. खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून. तैनाती फौज असं तिचं गोंडस नाव. बापाने महिना दीड लाख कबूल केले होते, ते मुलापर्यंत येता येता सालाचे सव्वीस लाख झाले. शांतता झाली, हे खरं. १८०३च्या वसंतात इंग्रज सेनापती वेलस्ली पुण्यात आला आणि होळकरांचा एकही स्वार शहरात उरला नाही. पंधरा वर्षांनी पेशवाही उरला नाही. मार्च १८१८मध्ये सिंहगड आणि पुरंदर दोन आठवड्यांच्या अंतराने इंग्रजांकडे गेले, आणि १८२०ला भोरच्या सचिवांनीही कंपनीशी तह करून आपलं संस्थान वाचवलं.

त्या वसईच्या कागदात फौज कधी परत जाईल याचं कलम नव्हतं. हे किती महत्त्वाचं ते बघायला एक उडी कोरियात मारा, १९५३च्या शरदात. युद्धबंदी झालीय आणि घरी परतायला नकार देणारे २२ हजारांवर चिनी आणि कोरियन कैदी हिंदी सैन्याच्या ताब्यात आहेत. सेनापती कोल्हापूरकडचे, वडगावचे, मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हिंदी सैनिकाचं पाऊलसुद्धा आपल्या भूमीवर नको, म्हणून सहा हजार जवानांना इंचॉनच्या जहाजांवरून थेट हेलिकॉप्टरने मधल्या पट्ट्यात उतरवलंय. सप्टेंबरअखेर चिनी कैद्यांनी एका हिंदी अधिकाऱ्याला कुंपणाआड ओढून धरलं. थोरात मोजक्या माणसांनिशी आत गेले, हजारांच्या घोळक्यात उभं राहून बोलले आणि त्याला घेऊन बाहेर आले. गोळी चालली नाही. करारात दिवस मोजून दिलेले होते. १९५४च्या जानेवारीत कैदी सुटले आणि आपले लोक तंबू गुंडाळून जहाजावर चढले.

हे सांगून मिशीला पीळ देऊ नये. १९८७च्या जुलैत आपण श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. त्या वेळी परतीची तारीख आपणही लिहिली नव्हती. ज्यांना वाचवायला गेलो त्या तमिळांच्याच वाघांशी तीन महिन्यांत लढाई जुंपली. हजारावर जवान तिकडे राहिले. शेवटी तिथल्याच अध्यक्षांनी, प्रेमदासांनी, निघा म्हटलं आणि मार्च १९९०मध्ये त्रिंकोमालीहून शेवटचं जहाज सुटलं. जाफन्याच्या कुठल्याशा शेतकऱ्याने धूर बघून आपल्याविषयी काय म्हटलं असेल, ते मार्गासनीच्या नाईकाला विचारायला हवं.

आणि साष्टी? पुरंदरच्या कलमात ती गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडली होती. हेस्टिंग्जची मर्जी ठेवून घ्यायची झाली, सालबाईने तिच्यावर शिक्का मारला, आणि मराठ्यांकडे ती परत कधीच आली नाही. वेल्ह्याकडची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. कुर्ला, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, ठाणं, जिथे जिथे त्यांनी खोल्या घेतल्या, ती सगळी अप्टनने मागून घेतलेली साष्टी. वांद्र्याच्या खाडीवरून गाडी गेली की ती सुरू होते.